तोंडाची झडती

ब्लाझ आणि मी एकाच आठवड्यात जन्मलो. तो मंगळवारी, मी शुक्रवारी, एकाच सुईणीच्या हाती. मी उघडा आलो, जसे सगळे येतात तसा. तो मात्र पातळ पडद्यात गुंडाळलेला आला, आईने आतच सदरा शिवून घातल्यासारखा. आमच्या व्हर्शेल गावात असं मूल झालं की सुईण खिडकी उघडून ओरडते, "क्रेस्निक आला!" क्रेस्निक म्हणजे झोपेत उठून चेटकिणींशी भांडणारा, शब्द पुटपुटून दुखणी उतरवणारा, गावाचा राखणदार. शुक्रवारी ती खिडकी बंदच राहिली. आई म्हणायची, बाहेर वारा होता म्हणून. त्रेचाळीस वर्षं मी त्या वाऱ्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला.

त्या पडद्याचा एक तुकडा क्रेस्निकच्या बगलेत कातडीखाली शिवतात. सात वर्षांचे असताना ओढ्यात पोहताना मी त्याला हात वर करायला लावला. आत बोटभर पांढरा व्रण होता, बाकी काही नाही. मी म्हणालो, "हॅ, एवढंच? हे तर मलाही आहे." मग घरी जाऊन वडिलांची द्राक्षवेली छाटायची सुरी घेतली आणि माझ्या बगलेत व्रण करायला बसलो. रक्त थांबेना. वडिलांनी आधी झोडपलं आणि मग ब्लाझच्या आजीला बोलावलं. तीही शब्दवाली. तिने पुटपुटत जखमेवर बोट फिरवलं आणि रक्त थांबलं. मी रडत म्हणालो, "आजी, मलाही शिकव."

म्हातारी खो खो हसली. "मागणाऱ्याला देत नाहीत रे, बोर्तो. मागितलंस तिथेच संपलं तुझं."

नियम तसाच आहे. शब्द आपल्याहून लहान माणसाला द्यायचे, वाहत्या पाण्यात उभं करून, कानात, तीनदा. ज्याने मागितले नाहीत त्यालाच. आणि दिले की देणाऱ्याकडचे गेले. म्हातारीने ते ब्लाझला दिले. मी सातव्या वर्षी मागून बसलो होतो, त्यामुळे माझा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

पुढे ब्लाझ रस्त्याच्या कामावर लागला. खडी फोडायची, डांबर ओतायचं, खड्डे बुजवायचे. लग्न केलं नाही. ऊलिका मावशीबरोबर गावाच्या टोकाच्या घरात राहायचा. दिसायला काय, तर काही नाही. खांदे पडलेले, कान मोठे, बोलताना चप्पल बघत बोलणार. असल्या माणसाचा हेवा करायचा म्हणजे स्वतःलाच कमीपणा, पण मी केला. मनापासून केला. कारण लोक त्याच्याकडे जात. दात दुखला, जा ब्लाझकडे. गाय दूध देईना, जा ब्लाझकडे. माझी बायको फूमा, तिचा खांदा धरला की पोरेच शहरातल्या डॉक्टरची गोळी कपाटात ठेवून ब्लाझकडे जायची.

"गोळी का घेत नाहीस?" मी विचारायचो.

"त्याचा हात हलका आहे," ती म्हणायची. जेवताना म्हणायची, माझ्या हाताकडे बघून. माझा हात जड आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

आणि गालेब. गालेब माझा घोडा, पांढरा, शिंगरू असल्यापासून मीच वाढवलेला. एका सकाळी त्याच्या पोटात कळ आली, जमिनीवर लोळायला लागला. मी जनावरांच्या डॉक्टरला फोन करायला सहकारी दुकानात गेलो तोवर फूमाने ब्लाझला आणलं. मी परत आलो तर घोडा उभा, आणि त्याची मान ब्लाझच्या खांद्यावर. माझ्या खांद्यावर त्याने कधी मान टाकली नव्हती. मी ब्लाझला एक बाटली मालव्हाझिया वाइन दिली, स्वतः केलेली. तो चप्पल बघत म्हणाला, "कशाला रे?" मी म्हणालो, "घे की." बाटली देताना हात सुटेना, हे त्याला कळलं असावं.

आता माझ्याकडे काय होतं ते सांगतो. मी शिलेदार होतो. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे कडीची शर्यत होते. चर्चपासून खाली जाणाऱ्या रस्त्यावर माती टाकतात, दोरीला लोखंडी कडी टांगतात, कडीच्या आत आणखी एक लहान कडी. भरधाव यायचं आणि भाल्याने ती उचलायची. बाहेरच्या कडीत भाला गेला तर एक गुण, आतल्या कडीत गेला तर तीन. शिलेदार बाराच. निळा झगा, पिसाची टोपी, स्वतःचा घोडा. एकोणीस वर्षं मी त्या बारांत होतो. एकोणीस वर्षांत आतली कडी एकदाही नाही. पण गावात मी चाललो की पोरं म्हणायची, शिलेदार चालला. ब्लाझ चालला की पोरं आईच्या मागे लपायची. हिशेब असा बरोबर होता, आणि मला तो तसाच ठेवायचा होता.

मार्चमध्ये आमच्यातला म्हातारा तोने वारला. एक जागा रिकामी झाली. एप्रिलमध्ये वहीच्या चौकटीच्या कागदावर अर्ज आला. अर्जदार ब्लाझ. त्याने रस्त्याच्या कामावरची एक मोडकळीला आलेली घोडी कत्तलखान्याच्या वाटेवरून सोडवून आणली होती, झोर्का नावाची, आणि वर्षभर तिला चारत, बोलत, पळवत होता. कुणाला कळलं नव्हतं.

मला तीन रात्री झोप नाही. डोळे मिटले की तोच दिसे, निळ्या झग्यात, झोर्काच्या कानात दोन शब्द टाकतो आणि भाला लोण्यात सुरी जावी तसा आतल्या कडीत जातो. पहिल्याच वर्षी. लोक टोप्या उडवतायत, आणि फूमा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवतेय.

शर्यतीच्या समितीची बैठक सहकारी दुकानाच्या वरच्या खोलीत असते. अध्यक्ष व्हित्तोर मास्तर, शाळेचे आणि पक्षाचेही. पाद्री शिमे समितीत नव्हते, पक्षाच्या राज्यात ते शक्यच नव्हतं, पण घोड्यांना आशीर्वाद त्यांचाच लागे, म्हणून ते दाराशी खुर्ची टाकून 'पाहुणे' म्हणून बसत.

मास्तरांनी अर्ज वाचला. "कॉम्रेड ब्लाझ. जन्म इथला, घोडी स्वतःची, तब्येत बरी. कुणाची हरकत?"

"माझी," मी म्हणालो. "हरकत त्याच्या तोंडाला आहे."

"दात पडलेत काय त्याचे?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"हसा. पण सांगा, शर्यतीआधी आपण ताटासमोर काय करतो?"

ते त्यांना ठाऊकच होतं. शर्यतीआधी चर्चच्या आवारात तांब्याचं ताट ठेवतात. दोन म्हातारे प्रत्येक शिलेदाराची झडती घेतात, टोपीचं अस्तर, बूट, घोड्याची आयाळसुद्धा. मग शिलेदार ताटावर हात ठेवून म्हणतो: अंगावर जडीबुटीची मुळी नाही, खडा नाही, लिहिलेला कागद नाही, जोर माझ्या हाताचा आणि घोड्याच्या पायाचा. कधीपासूनचं आहे देव जाणे. युद्धानंतर मास्तर ते बंद करणार होते, पण झाग्रेबहून विद्वान लोक आले, त्यांनी त्याला लोकपरंपरा म्हटलं, फोटो काढले, आणि ते वाचलं.

"मुळी ताटात टाकता येते," मी म्हणालो. "खडा टाकता येतो. पण याचं सगळं तोंडात आहे. तोंडाची झडती कोण घेणार? क्रेस्निकला शिलेदार केलं तर बाकीच्या अकरांनी घरी बसून मक्याची लापशी खावी. शर्यत कसली ती?"

मास्तरांनी चष्मा काढला. "बोर्तो, मंत्र-तंत्र असं काही नसतं. जे नाही त्याला बंदी कशी घालायची? बंदी घातली म्हणजे ते आहे असं आपण लिहून दिलं. उद्या जिल्ह्याच्या कचेरीत विचारतील, व्हर्शेलमध्ये आत्ता कोणतं शतक चालू आहे?"

"आहे," दारातून पाद्री म्हणाले. "पाप आहे, पण आहे."

"पाद्रीबाबा, तुम्ही पाहुणे आहात."

"म्हणून तर एकच शब्द बोललो. आणि माझं मत धरूही नका. माझी कंबर त्यानेच मोकळी केली."

"मास्तर," मी म्हणालो, "तुमच्या नातीची भीती कुणी उतरवली होती?"

"तो मानसिक परिणाम होता," मास्तर म्हणाले आणि लाल झाले.

घोळ असा झाला की ज्याचा विश्वास नव्हता तो ब्लाझच्या बाजूने, आणि ज्यांचा होता ते गप्प. सगळ्यांना त्याची गरज होती. मग मला सुचलं. मत्सराने माणूस हुशार होतो, तेवढ्यापुरता तरी. मी म्हणालो, "मंत्र लिहू नका. विनापरवाना उपचार लिहा. जो विनापरवाना तोंडी उपचार करतो त्याला शिलेदार होता येणार नाही. याला जिल्ह्याची कचेरी काय म्हणेल?"

मास्तरांचा चेहरा उजळला. परवाना हा शब्द त्यांना आवडायचा. "हे लिहिता येईल," ते म्हणाले.

"आणि पुढे जोडा," मी म्हणालो. "किंवा ज्याच्या छपराखाली असे उपचार होतात त्यालाही नाही. नाहीतर हा आपले शब्द घरातच कुणाकडे तरी ठेवेल आणि रोज सकाळी त्याच्याकडून फुंकून घेईल. शपथेतही घाला."

घातलं. हात वर झाले. त्यात माझा सगळ्यांत उंच.

मग ब्लाझला वर बोलावलं. तो खाली फळीवर बसून होता, टोपी गुडघ्यावर. मास्तरांनी कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी ते सोडलं, तर चालेल?"

कुणालाच हे सुचलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "मग अर्थातच."

मला राहवेना. "अरे पण तुला हवंय कशाला? तुला काय कमी आहे?"

पहिल्यांदा त्याने चप्पल सोडून माझ्याकडे बघितलं. "बोर्तो, माझ्याकडे लोक मागच्या दाराने येतात. अंधार पडला की. बाळंतपणाला मला बोलावतात, बारशाला नाही. लग्नात मी दिसलो तर नवरीचा चेहरा पडतो. मला एकदा त्या रस्त्याने खाली यायचंय, भर दुपारी, सगळं गाव दोन्ही बाजूंना उभं असताना. कडी लागो न लागो."

मी मनात म्हटलं, बोलायला काय जातं? सोडणार नाही हा. असली गोष्ट कोण सोडेल? मी नसती सोडली.

दुसऱ्याच दिवशी ब्लाझने शर्यतीआधी ते सोडणार म्हणून सांगून टाकलं, आणि गाव माझ्यावर उलटलं. पिएरिना म्हणून एक तरुण बाई आहे, तिची दोन वर्षांची मुलगी दचकली की लाकडासारखी ताठ व्हायची, श्वास अडकायचा, ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणायचे, मोठी झाली की जाईल. तोवर ब्लाझ होता. पिएरिनाने मला नळावर गाठलं, चार बायकांसमोर. "का हो शिलेदार, आता माझी पोर ताठली की तुमच्या घोड्याकडे आणू का? की तुम्हीच भाल्याने टोचाल तिला?"

"डॉक्टरकडे ने," मी म्हणालो.

"डॉक्टर पोरेचला. तिचा श्वास इथे."

मी बादली अर्धीच भरून निघालो. फूमाही घरी बोलेना. ताट वाढायची आणि आपली उठून बागेत जायची. मी समजलो, ब्लाझवरून राग आहे. आणि त्या रागावरून मला आणखी राग आला. नवऱ्याची जागा वाचली याचं काही नाही, दुसऱ्याचं गेलं याचं दुःख.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी, मी द्राक्षमळ्यात शेंडे खुडत होतो. मळा चढावर आहे, खाली ओढा दिसतो. ओढ्यात फूमा उभी होती. घागरा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पाय पाण्यात. आणि ब्लाझ तिच्यासमोर, तोही पाण्यात. त्याचं तोंड तिच्या कानाशी.

मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. हातात छाटणीची सुरी होती, हे खाली पोचल्यावर कळलं.

"काय चाललंय इथे?"

ब्लाझ मागे सरला. फूमाने मान वळवली नाही. तिने नुसता हात वर केला, दुकानात घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवतात तसा. "थांब, बोर्तो. अजून एकदा राहिलंय."

आणि मी थांबलो. माझी बायको माझ्यादेखत पुन्हा त्याच्या तोंडाजवळ कान घेऊन गेली, आणि मी सुरी धरून काठावर उभा राहिलो. ब्लाझचे ओठ हलले. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मग तो बाहेर आला आणि दगडावर बसला. चेहरा पांढरा पडला होता, उलटी झाल्यावर पडतो तसा.

"काय सांगितलं त्याने तुला?" मी विचारलं.

"ते सांगितलं तर जाईल," फूमा म्हणाली.

मग माझ्या डोक्यात शिरलं. पाणी. कान. तीनदा. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, म्हणजे ब्लाझहूनही.

"तू मागितलंस?"

"नाही. म्हणून तर मिळालं."

"आणि माझं कलम? ज्याच्या छपराखाली... फूमा, तुला ठाऊक होतं ना?"

"होतं. चार दिवस नाही म्हणत होते मी त्याला." ती काठावर आली, घागरा पिळायला लागली. "पण दुसरं कोण घेणार होतं? सगळे घाबरतात. सगळ्यांना उतरवून हवंय, अंगावर कुणालाच नकोय. तू त्याच्याकडून काढून घेतलंस, बोर्तो. मग ते काय रस्त्यावर टाकायचं होतं? पिएरिनाची पोरगी ताठली तर?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी काही बोलायच्या आत ब्लाझ दगडावरून म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. फूमाही नाही. तू रविवारी शपथ घे आणि पळव घोडा. आपण तिघंच."

"तुझे उपकार नकोत मला."

"उपकार नाहीत रे." तो पायात चप्पल घालत होता. "मला तुझा फार हेवा वाटायचा, बोर्तो. झग्याचा नव्हे. संध्याकाळी तुझी बायको दारात येऊन तुला हाक मारते ना, जेवायला. ती आमच्या घरापर्यंत ऐकू येते."

हे ऐकून माझं मन हलकं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. हेवा ही एकच गोष्ट आमच्यात माझी म्हणून होती. तीही त्याने घेतली.

तीन दिवस मी ठरवत होतो. खोटी शपथ काही मोठी गोष्ट नव्हती. शपथ ताटावर, ताट तांब्याचं, मास्तरांच्या मते देव नाहीच. एक वाक्य पुटपुटायचं आणि पुढची वीस वर्षं निळा झगा. फूमाने एकदाही विचारलं नाही काय करणार म्हणून. शनिवारी तिने झगा उन्हात टाकला, घासला, बटण लावलं. तेवढंच.

रविवारी आवार भरलं होतं. आम्ही बाराजण घोडे धरून रांगेत. ब्लाझला तोनेचा झगा दिला होता, तो त्याला खांद्यात मोठा होत होता. झडती झाली. तो ताटासमोर गेला, हात ठेवला. मुळी नाही, खडा नाही, कागद नाही, तोंडात शब्द नाही, छपराखाली शब्दवाला नाही. आवाज स्वच्छ. चप्पल, म्हणजे त्या दिवशी बूट, बघितले नाहीत. लोक त्याच्याकडे असे बघत होते की जणू हा माणूस गावात आजच आलाय.

पुढचा नंबर माझा. म्हाताऱ्यांनी माझ्या टोपीचं अस्तर चाचपलं. मी ताटावर हात ठेवला. तेवढ्यात दुपारच्या सलामीची तोफ उडाली. दरवर्षी उडते, आणि दरवर्षी सगळे दचकतात. गर्दीत किंचाळी आली.

"ब्लाझ! ब्लाझ!"

पिएरिना होती. लोकांना ढकलत आली. हातात मुलगी, पाय सरळ ताणलेले, डोळे वर, ओठ जांभळे. "ब्लाझ, बघ ना हिला, श्वास नाही!"

ब्लाझचा हात आपोआप पुढे गेला आणि मग खाली पडला. "माझ्याकडे नाही आता," तो म्हणाला. "पिएरिना, माझ्याकडे खरंच नाही."

"मग कुणाकडे आहे?" ती ओरडली. "कुणाकडे दिलंस?"

फूमा गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडे उभी होती, दहा पावलांवर. दोन्ही हातांनी दोरी धरलेली, बोटं पांढरी झालेली. ती मुलीकडे बघत नव्हती. ब्लाझकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती. माझा हात अजून ताटावर होता.

मला लोक म्हणतात, त्या दिवशी तू मोठं मन दाखवलंस. मी दुरुस्त करत नाही. पण इथे खरं सांगतो. त्या क्षणी पोरीचा विचार माझ्या मनात दुसरा होता. पहिला हा होता, की सगळं गाव ब्लाझकडे बघतंय, आणि माझी बायको माझ्याकडे बघतेय. विचारतेय मला. त्याला नाही, मला.

"जा, फूमा," मी म्हणालो. "पळ!"

ती दोरीखालून आली. मुलीला घेतलं, मातीत बसली, तोंड तिच्या कपाळाशी नेलं. ओठ हलत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला वाटतं फार नाही. मग पोरीने एक मोठा श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. इतकं सुंदर रडणं मी कधी ऐकलं नाही. पिएरिना तिथेच फतकल मारून बसली.

मग सगळ्यांची डोकी एकदम माझ्याकडे वळली.

"कॉम्रेड बोर्तो," मास्तर हळू म्हणाले, "म्हणजे तुमच्या घरी..."

"माझ्या छपराखाली. हो."

मास्तर बिचारे घामाघूम झाले. "हे बघा, शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर इथे काही घडलेलंच नाही. मूल आपोआप... तुम्ही शपथ घ्या. पळा!"

"कलम आहे," झडतीवाल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला. "यानेच घातलंय."

"आहे," मी म्हणालो आणि झगा काढला. बटण फूमाने इतकं घट्ट लावलं होतं की दोनदा ओढावं लागलं.

शर्यत अकराजणांची झाली. मी गालेबला धरून भिंतीशी उभा राहिलो आणि ब्लाझची वाट पाहिली. त्याची झोर्का धावत नव्हती, ती घाईत चालत होती. पहिल्या फेरीत त्याचा भाला कडीच्या हातभर खालून गेला. दुसऱ्या फेरीत टोपी उडाली, भाला कुठे गेला त्यालाच माहीत नाही. मला इतका आनंद झाला की लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो कमी झाला नाही. पण लोक त्याला हाका मारत होते. दोन्ही बाजूंनी, नावाने, भर दुपारी. म्हाताऱ्या बायका रुमाल हलवत होत्या. तिसऱ्या फेरीत भाल्याचं टोक बाहेरच्या कडीला कसंबसं अडकलं आणि कडी निघाली. एक गुण.

तो सरळ माझ्याकडे आला, घामाने भिजलेला, कान लाल. "एक गुण, बोर्तो! बघितलंस?"

"बघितलं."

"तुला पहिल्या वर्षी किती होता रे?"

त्याने साधेपणाने विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं, हेच तर वाईट.

"शून्य," मी म्हणालो.

याला पाच वर्षं झाली. ब्लाझ अजून पळतो, अजून शेवटून दुसरा येतो. दोन लग्नांत त्याला पुढच्या बाकावर बसवलं. एका बाळाला त्याचं नाव ठेवलं. गालेब मी विकला नाही, त्याला गाडीला जुंपतो. माझ्या घरी आता रोज कुणी ना कुणी येतं, दुखरे दात, घाबरलेली पोरं, कुणाची शेळी. पहिल्या वर्षी ते मागच्या दाराने यायचे. मी ते दार विटांनी बुजवून टाकलं. यायचं असेल तर रस्त्यावरून या, म्हटलं. आता येतात.

फूमाचा हात हलका आहे, सगळे म्हणतात. ती कुणाच्या तरी कपाळाशी वाकते, ओठ हलतात, आणि मी स्वयंपाकघरात बसून ऐकायचा प्रयत्न करतो. इतक्या वर्षांत एक शब्द कळला नाही. विचारता येत नाही, कारण विचारलं आणि तिने सांगितलं तर ते जाईल, आणि नाही सांगितलं तर मला झोप लागणार नाही.

ब्लाझ कधीकधी संध्याकाळी येतो, आम्ही तिघं अंगणात बसतो. गेल्या आठवड्यात फूमा आत गेल्यावर मी त्याला विचारलंच. "ते शब्द तुला आठवतात का रे अजून?"

"नाही," तो म्हणाला. "दिले त्याच दिवशी गेले. एकही आठवत नाही."

असं म्हणून त्याने ग्लास उचलला आणि पूर्वीसारखा चपलेकडे बघत बसला. मला नाही वाटत तो विसरलाय.